कोकणात सलूनची फ्रँचायझी घेताय? सही करायच्या आधी हे एकेक करून बघा

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी २०१९ च्या दिवाळीत रत्नागिरीत एका चेनची फ्रँचायझी घेऊन युनिसेक्स सलून चालू केलं, चार वर्षं चालवलं आणि मग तो बोर्ड उतरवून त्याच गाळ्यात स्वतःच्या नावाने बसलो. त्यामुळे हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, कुडाळहून, दापोलीहून, एकदा तर थेट श्रीवर्धनहून, की ताई आम्हाला पण घ्यायचीय, कंपनीवाले म्हणतायत दीड वर्षात पैसे सुटतात, काय करू. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. ट्रेनिंग चांगलं मिळतं, आणि मुंबई-पुण्यात राहून आलेली मंडळी ओळखीचं नाव बघून आत येतात हे मी स्वतः बघितलंय. पण नाव कंपनीचं असलं तरी गाळ्याचा करार, जीएसटी नंबर, लाईटचा मीटर, कामाला ठेवलेली पोरं आणि बँकेचा हप्ता हे सगळं तुमच्या नावावर असतं, म्हणजे नोटीस आली तर तुम्हाला येते आणि पावसात धंदा बसला तर तो तुमचाच बसतो. हे धरूनच पुढचं सगळं वाचा.

पायरी १: पावसाचे महिने धरून हिशोब मांडा

कंपनीची फाईल उघडली की महिन्याचा सेल म्हणून एकच आकडा असतो आणि तो बाराही महिने तसाच धरलेला असतो. आपल्याकडे असं चालत नाही. एप्रिल-मेमध्ये आंब्याचा पैसा, लग्नसराई, सुट्टीला आलेली माणसं, सगळं एकदम येतं. गणपतीच्या आधीचे आठ दिवस तर चाकरमानी उतरले की सलूनमध्ये उभं राहायला जागा नसते, शिमग्याला आणि दिवाळीला पण बरं असतं. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा हर्णै, मिरकरवाडा, मालवण या पट्ट्यात बाजारात पैसाच फिरत नाही, त्याला लागून श्रावण आला की कितीतरी पुरुष महिनाभर दाढी-केसांना हात लावत नाहीत, आणि गणपती गेले रे गेले की पितृपक्ष. म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खरा धंदा जेमतेम दोन आठवड्यांचा.

दुसरं म्हणजे माणसं किती आहेत ते बघा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली होती, रत्नागिरी शहर ७६ हजारांच्या आसपास आणि चिपळूण ५५ हजारांच्या. ठाण्या-नवी मुंबईतल्या एका नोडमध्ये याच्यापेक्षा जास्त माणसं राहतात, आणि कंपनीचं गणित तिथलं असतं. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, रत्नागिरी जिल्ह्यात त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त बायका होत्या, कारण घरटी एक तरी पुरुष मुंबईला. म्हणून मी सगळ्यांना सांगते की पुरुषांच्या चार खुर्च्या आणि बायकांच्या दोन असा कंपनीचा ठरलेला लेआउट असेल तर तो बदलून मागा. पुरुषांच्या कटिंगला गावात नाभिक बांधवांची पिढ्यानपिढ्यांची दुकानं आहेत, त्यांचे हात चांगले आहेत, दर आपल्या निम्म्याने आहेत आणि गिऱ्हाईक घरचं आहे, तिथे दरात उतरून तुम्ही जिंकणार नाही आणि उतरूही नये.

आता आकडे. समजा महिन्याचा सेल जीएसटी सोडून २,५०,००० रुपये. गाळ्याचं भाडं ३०,००० आणि त्यावरचा जीएसटी ५,४०० (तो आपण का भरायचा ते पुढे येतंय), रॉयल्टी (नाव वापरायचे कंपनीला द्यायचे पैसे) सेलच्या ८ टक्के म्हणजे २०,००० आणि वर जीएसटी ३,६००, प्रॉडक्ट १२ टक्के म्हणजे ३०,०००, पगार आणि इन्सेंटिव्ह मिळून ९५,०००, बाहेरून आलेल्या कारागिरांच्या खोलीचं भाडं १०,०००, लाईट बिल १८,०००, पाणी-टॉवेल धुणं-सॉफ्टवेअर-चहा ८,०००, बँकेचा हप्ता ३५,०००. बेरीज करा, २,५५,००० होते. म्हणजे अडीच लाखांचा सेल करून खिशातले ५,००० गेले, आणि तुमची स्वतःची मेहनत यात धरलेलीच नाही! आता हाच सेल जुलैत १,६०,००० वर आला असं धरा. रॉयल्टी, प्रॉडक्ट, इन्सेंटिव्ह आणि थोडं लाईट बिल कमी होतं, बाकी सगळं तसंच राहतं, आणि महिन्याला ६३-६४ हजारांचा खड्डा पडतो. असे तीन महिने धरले तर १,९०,००० च्या वर रक्कम बाजूला ठेवूनच धंद्यात उतरायला हवं. आमच्याकडे तेव्हा ती नव्हती, जाऊबाईंच्या बांगड्या गहाण पडल्या, अजून मला ते आठवलं की वाईट वाटतं. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, तयारी घरासाठी आपण करतो ना, तांदूळ, सुकी मासळी, लाकडं, तशीच सलूनसाठी मे महिन्यात पैसे बाजूला काढून करायची.

रॉयल्टी सेलवर असते, नफ्यावर नाही, हे तर वर दिसलंच. काही करारात शिवाय मिनिमम रॉयल्टी असते, सेल कितीही पडला तरी तेवढी द्यायचीच. तसलं कलम असेल तर जून ते सप्टेंबरसाठी वेगळा आकडा लिहून मागा, तोंडी आश्वासन घेऊ नका.

पायरी २: जीएसटीचं नवं गणित समजून घ्या, कारण जुन्या फाईली अजून फिरतायत

२२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाला बरं झालं, आपल्यालाही बऱ्यापैकी बरंच झालं, कारण आपला सगळ्यात मोठा खर्च पगाराचा आणि पगारावर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) कधी मिळतच नव्हतं. पण या ५ टक्क्यांबरोबर इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे रॉयल्टीवर १८ टक्के, फ्रँचायझी फीवर १८ टक्के, इंटिरियरवर १८ टक्के जो जीएसटी तुम्ही देता तो आता परत मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. कंपनीच्या कागदावर "इंटिरियर १५ लाख अधिक जीएसटी" असं लिहिलेलं असतं, आणि विकणारा माणूस सांगतो की जीएसटी काय तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळेल. नाही मिळणार. १५ लाखांवर २,७०,००० होतात, ते तुमच्या खिशातून. तो असं सांगत असेल तर त्याची फाईल सप्टेंबर २०२५ च्या आधीची आहे एवढं लगेच ओळखा आणि बाकीचे आकडे पण परत तपासा.

भाड्याचं प्रकरण याहून छुपं आहे. आपल्याकडे गाळा कुणाचा असतो, तर गावातल्याच कुणा काकांचा, त्यांची जीएसटी नोंदणी नसते. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की मालक नोंदणी नसलेला आणि भाडेकरू नोंदणीवाला असेल तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरूने स्वतः सरकारकडे भरायचा, याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, आणि क्रेडिट नसल्यामुळे तोही खर्चच. वरच्या हिशोबातले ५,४०० ते हेच. कंपोझिशन स्कीममधे (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरलेल्या दराने कर भरायची सोय) असलेल्यांना यातून सूट आहे, पण तिथे सेवेसाठी उलाढालीची मर्यादा ५० लाख आणि दर ६ टक्के, तोही गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, त्यामुळे भाडं जास्त आणि सेल कमी असेल तरच ते परवडतं. आपल्या सीएला दोन्ही बाजू मांडायला लावा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी नोंदणी लागतच नाही. म्हणजे महिन्याला साधारण १,६६,००० पर्यंत. छोट्या गावात पहिल्या वर्षी तुम्ही याच्या आतच असाल, पण कंपनीला आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर हवा असतो म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदणी करायला लावतात. मग गरज नसताना गिऱ्हाइकावर ५ टक्के आणि भाड्यावर १८ टक्के बसतात. गरज नाही तर सांगा, आता नको, मर्यादा जवळ आली की करू.

पायरी ३: गाळा बघताना भिंतीचा रंग नंतर, कागद आधी

गाळ्याचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेती झाल्याचा कागद, बांधकाम परवानगी आणि घरपट्टीची पावती, हे चार कागद मालकाकडून बघून घ्या. समुद्रालगत तारकर्ली, गुहागर, काशीद अशा ठिकाणी सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या बंधनांचा) प्रश्न असतो, तिथे बांधकामच अनधिकृत निघालं तर तुमचं १५ लाखांचं इंटिरियर दुसऱ्याच्या चुकीत जातं. हायवेला लागून गाळा असेल तर रुंदीकरणाची आखणी बघा, आणि पूल झाला की गाड्या वरून जातात हेही लक्षात ठेवा.

मीटर कमर्शियल आहे का बघा. घरगुती मीटरवर सलून चालवलं आणि महावितरणची तपासणी आली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि मीटर काकांच्या नावावर असलं तरी ते वसुली तुमच्याकडूनच मागणार. भाडेकरार लिव्ह ॲण्ड लायसन्सचा असतो, तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदवावाच लागतो, "आपल्यात कशाला कागद" असं म्हणणाऱ्या मालकाला गोड बोलून पण नक्की नोंदवायला लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रँचायझी पाच वर्षांची आणि गाळ्याचा करार ११ महिन्यांचा असं कधी करू नका. मालकाने दुसऱ्या वर्षी भाडं वाढवलं किंवा गाळा मागितला की कंपनी म्हणते तुम्ही करार मोडलात, दंड भरा. दोन्ही मुदती जुळवा, आणि गाळ्याच्या करारात तुम्हाला सोडायची मोकळीक ठेवा.

पाणी पण बघा हो. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्या पाण्यात कलर आणि स्मूदनिंगचं काम नीट बसत नाही. खाऱ्या हवेने खुर्च्यांचे हायड्रॉलिक पण गंजतात, कंपनीच्या यादीतल्या महागड्या खुर्चीची वॉरंटी किनारपट्टीला लागू आहे का ते लेखी विचारा.

बाकी दुकान चालू करायच्या परवानग्या फार अवघड नाहीत: शॉप ॲक्टची ऑनलाईन सूचना किंवा नोंदणी (२०१७ च्या कायद्यात १० पेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना, त्यापुढे नोंदणी अशी रेषा होती, २०२५ मध्ये सरकारने ती २० वर न्यायचा निर्णय घेतला), नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, व्यवसाय कर, आणि फुकटात होणारं उद्यम (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी). उद्यमसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सलूनमध्ये गाणी लावणार असाल तर त्याचंही लायसन्स लागतं, ते कंपनी काढणार का तुम्ही हे आधी ठरवा.

पायरी ४: कराराला दोन आठवडे द्या

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही आणि पैशांच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते, किती दुकानं बंद पडली, किती केसेस चालू आहेत, सगळं. आपल्या देशात फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही, सगळं १८७२ च्या कराराच्या कायद्यावर चालतं, म्हणजे जे कागदावर आहे तेवढंच तुमचं. म्हणून ती माहिती आपणच मागायची. बंद पडलेल्या फ्रँचायझींची यादी मागा, आणि त्यातल्या दोघांना स्वतः फोन करा. चालू असलेल्यांशी कंपनी बोलणं करून देते, त्याचा उपयोग कमी.

नावाचं ट्रेडमार्क खरंच नोंदलेलं आहे का हे ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साईटवर फुकट बघता येतं, सलूनच्या सेवेसाठी वर्ग ४४. नुसता अर्ज केलेला असेल आणि त्यावर हरकत आली असेल तर तुम्ही भाड्याने काय घेताय याचा तरी विचार करा.

मग ही कलमं शोधा. हद्द: "रत्नागिरी" एवढंच लिहिलंय का किती किलोमीटर ते पण लिहिलंय, नाहीतर साळवी स्टॉपला तुम्ही आणि मारुती मंदिरला त्यांचीच दुसरी शाखा. प्रॉडक्ट: त्यांच्याकडूनच घ्यायचं असेल तर बाजारभावापेक्षा किती महाग चालेल त्याला वरची मर्यादा. नूतनीकरण: दर तीन वर्षांनी नवीन लुक करायचा खर्च कुणाचा. कोर्ट: वाद झाला तर दिल्लीत किंवा बंगळुरूत लवाद असं लिहिलेलं असतं, वेंगुर्ल्याहून तिथे तारखेला जाणं कुणाला परवडतं, निदान मुंबई तरी करून घ्या. आणि आपण धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाचं दार सहसा बंद असतं हे पण धरून चाला.

करार संपल्यावर दोन-तीन वर्षं या धंद्यात राहायचं नाही असं कलम जवळजवळ सगळीकडे असतं, लोक त्याला फार घाबरतात. करार चालू असताना ते बंधन चालतं, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये तसं सांगितलंय, पण करार संपल्यानंतर धंदा करायचाच नाही अशी बंदी कराराच्या कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. त्यांचं नाव, रंग, लोगो वापरायचा नाही, हे मात्र टिकतं आणि टिकायलाच हवं.

सिक्युरिटी म्हणून कोरे चेक सही करून मागतात. देऊ नका. द्यायचाच झाला तर रक्कम आणि कशासाठी हे लिहून द्या आणि चेकचा नंबर करारात घाला, कारण तो बँकेत टाकून परत आला की कलम १३८ ची फौजदारी केस तुमच्यावर.

आमच्यावर काय आलं ते सांगते. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, महाराष्ट्रात सलून उघडायची परवानगी २८ जूनला मिळाली आणि तीही आधी मोजक्याच कामांना. मधल्या तीन महिन्यांची मिनिमम रॉयल्टी आम्हाला मागितली गेली. करारात आपत्तीचं कलम होतं, पण त्यात फक्त कंपनीला सूट होती, आम्हाला नव्हती. आम्ही ते वाचलं होतं, कळलं नव्हतं. म्हणून ते कलम दोन्ही बाजूंना सारखं आहे का हे वकिलाकडून बघून घ्या, आणि त्यात सरकारी बंदी, वादळ आणि पूर हे शब्द स्पष्ट घाला.

पायरी ५: माणसं

गिऱ्हाईक बोर्ड बघून पहिल्यांदा येतं, दुसऱ्यांदा हात बघून येतं. चांगला कारागीर सोडून गेला की त्याच्यामागे वीस-पंचवीस गिऱ्हाइकं जातात, आणि सिंधुदुर्गात तर गोवा शेजारीच, सीझनला तिथे जास्त मिळतात. बॉण्ड लिहून घेऊन माणूस थांबत नाही. पगार वेळेवर, राहायची खोली कोरडी, आणि गणपतीनंतर सलग सुट्टी, आमच्याकडे एवढ्यावर दोघी मुली सहा वर्षं टिकल्यात. गावातल्या मुलींना शिकवून तयार करा, त्या खोली मागत नाहीत आणि पावसातही येतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचंय, तोंडी कामाला ठेवायचे दिवस गेले. १० माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, २० झाली की पीएफ. कंपनीने पाठवलेला मॅनेजर कुणाच्या हजेरीपटावर हे पण लिहून घ्या.

पायरी ६: केमिकल

कलरची पॅच टेस्ट (थोडा कलर त्वचेवर लावून ॲलर्जी बघणं) ४८ तास आधी, दर वेळी, ओळखीची वहिनी असली तरी. लग्नाच्या आदल्या दिवशी कलर मागणाऱ्या नवरीला नाही म्हणायला शिका. केस सरळ करायच्या क्रीममध्ये फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिड आहे का ते लेबलवर वाचा, या दुसऱ्यामुळे किडनीला इजा झाल्याची केस २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलीय. लेबल नसलेला, डब्यातून ओतून दिलेला माल कंपनीने पाठवला तरी घेऊ नका, बाटलीवर उत्पादकाचं लायसन्स नंबर, बॅच आणि मुदत हवीच. २०२१ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सलूनला चुकीच्या हेअरकटसाठी २ कोटी द्यायला सांगितले होते, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुरावा बघून रक्कम परत ठरवा म्हटलं, पण तक्रार कुठपर्यंत जाऊ शकते ते यावरून कळतं. ॲलर्जीचा प्रश्न, टेस्टची तारीख आणि सही, एवढी एक वही ठेवा.

मेंबरशिप कार्डं विकताना पण जपून. पैसे आगाऊ येतात म्हणून बरं वाटतं, पण ते अजून कमावलेले नसतात, आणि उद्या बोर्ड बदलला तर बाई तुमच्याच दारात उभी राहणार.

पायरी ७: विमा आणि कर्ज

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवतंय, त्याच्या आधी ३ जून २०२० ला निसर्ग आणि मे २०२१ ला तौक्ते ही चक्रीवादळं. पॉलिसीत वादळ आणि पूर धरलेत ना, आणि नुसता माल नाही तर भाड्याच्या गाळ्यातलं तुमचं फर्निचर पण धरलंय ना, हे एजंटला लेखी विचारा. गाळा खालच्या भागात असेल तर इन्व्हर्टर आणि गिझर छातीएवढ्या उंचीवर लावा.

कर्जाला मुद्रा किंवा पीएमईजीपी (सबसिडी असलेली सरकारी कर्जयोजना) बघा. पीएमईजीपीत सेवेच्या धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, पण सबसिडी तीन वर्षं बँकेत ठेवीत अडकलेली असते, हातात आलेले पैसे म्हणून धरू नका.

बंद करायची किंवा बाहेर पडायची वेळ आली तर

हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं. किती महिन्यांची नोटीस, डिपॉझिट किती दिवसांत परत, उरलेला माल कंपनी परत घेणार का, चेक कधी परत मिळणार, शिल्लक मेंबरशिपचे पैसे कोण देणार. बाहेर पडताना या सगळ्याचा एक कागद दोघांच्या सहीने करा, बोर्ड उतरवल्याचे फोटो तारखेसकट ठेवा.

आणि एक छोटी गोष्ट जी आम्हाला फार महागात पडली: सलूनचा मोबाईल नंबर आणि गूगलवरचं लिस्टिंग. आमचं दोन्ही कंपनीच्या खात्यावर होतं, बाहेर पडल्यावर चार वर्षांच्या गिऱ्हाइकांचे फोन सहा महिने दुसरीकडेच वाजत राहिले. सिम तुमच्या नावावर घ्या आणि लिस्टिंग तुमच्या मेलवरून बनवा, पहिल्या दिवशीच, बोर्ड लागायच्या आधी.